पहिली धाव झकास, तिसरीला गाडी ओढत नाही: सुपरचार्ज्ड स्पोर्ट्स कारच्या चाचणीतला नेहमीचा प्रश्न

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. बंद ट्रॅकवर सकाळी पहिली धाव घेतली, १०० ते २०० किमी वेग नऊ सेकंदांत. दुसऱ्या धावेला साडेनऊ. तिसऱ्या धावेला दहा, आणि वरच्या आरपीएमला इंजिनात दम राहिलेला नाही हे पायाला स्पष्ट कळतं. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनरवर एकही कोड नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा पहिल्यासारखी. गॅरेजवाला एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी एकदम ओके आहे." त्याचंही खरं असतं, कारण त्याने मारलेली फेरी ही पहिली धाव होती.

असं दोन-तीनदा झालं की मालक एक तर गाडीवर खूष राहायचं सोडून देतो, नाहीतर पैसे ओतायला लागतो: नवे प्लग, नवा फिल्टर, ट्यूनिंग, सुपरचार्जर आणखी जोरात फिरवणारी लहान पुली. मला याचं मनापासून वाईट वाटतं. हा बिघाड शोधायला महागडं काही लागत नाही. नेमकं काय मोजायचं हे ठरवावं लागतं, आणि धावेच्या वेळेपेक्षा आधी त्या आकड्यांकडे बघावं लागतं.

इथे मी जी गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे तिच्या इंजिनाच्या वर, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधल्या खोबणीत, रूट्स प्रकारचा (जोडीने फिरणाऱ्या रोटरांचा) सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून हवा दाबून आत ढकलणारं यंत्र, बसलेला असतो, आणि त्यातून निघणारी हवा गार करायला पाण्यावर चालणारा इंटरकूलर असतो. जग्वार एफ-टाइपची व्ही ६ आणि व्ही ८ इंजिनं, शेवरले कॉर्व्हेट झेड ०६ (२०१५ ते २०१९ ची), ऑडीचं जुनं ३.० टीएफएसआय इंजिन (नावात टी असला तरी त्यावर टर्बो नव्हता, सुपरचार्जर होता) ही सगळी याच घरातली. लोटस एक्झीज एसच्या सुरुवातीच्या व्ही ६ गाड्यांना इंटरकूलरच नव्हता, त्यामुळे त्यांचं गणित थोडं वेगळं आहे, पण नोंदी घ्यायची पद्धत तीच चालते.

उष्णता कुठून येते आणि कुठे मुरते

हवा दाबली की तापते. किती, ते एकदा आकड्यांत पाहून घ्या. बाहेर ३५ अंश सेल्सिअस, बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) ०.७ बार, म्हणजे एकूण दाब साधारण १.७ पट. सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्यातून निघणारी हवा ११९ अंशांच्या आसपास असते. ७० टक्के धरली तरी १०७. ही हवा तशीच सिलिंडरमध्ये गेली तर नॉकची (मिश्रण अवेळी, धडाक्याने पेटण्याची) भीती वाढते, म्हणून वाटेत इंटरकूलर.

आता सेकंदाला ०.४ किलो हवा ओढणारं, म्हणजे अंदाजे ५०० घोड्यांच्या (हॉर्सपॉवरच्या) घरातलं इंजिन धरा. ११९ वरची हवा ५९ वर आणायची तर इंटरकूलरच्या पाण्याला दर सेकंदाला सुमारे २४ किलोज्यूल उष्णता पोटात घ्यावी लागते. दहा सेकंदांच्या धावेत २४० किलोज्यूल. त्या पाण्याच्या बंद सर्किटमध्ये पाच किलो कूलंट (पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण) आहे आणि रेडिएटरने तेवढ्या वेळात काहीच बाहेर टाकलं नाही असं मानलं, तरी कूलंट फक्त १४ अंशांनी तापतं.

या एका आकड्यात सगळी गोष्ट आहे. पहिली धाव शिलकीवर चालते. पाणी रात्रभर थंड झालेलं असतं, त्यात दहा सेकंदांची उष्णता सहज मावते. पंप अर्धमेला असो, रेडिएटर मातीने भरलेला असो, पहिली धाव चांगलीच येणार. दुसऱ्या-तिसऱ्या धावेला शिल्लक संपते आणि गाडी रोजच्या कमाईवर येते: पंप किती पाणी फिरवतो, पुढचा छोटा रेडिएटर किती उष्णता वाऱ्यावर सोडतो. म्हणून एकाच धावेची वेळ सांगणाऱ्या चाचणीला मी चाचणी मानत नाही.

पाणी तापलं की इंटरकूलरनंतरची हवा तापते. दाब तोच ठेवून हवा ४० ऐवजी ८० अंशांवर गेली तर तिची घनता ११ टक्क्यांनी घटते. बूस्ट गेजवर आकडा तोच दिसतो, कारण गेज दाब मोजतं, हवेचं वजन मोजत नाही. त्यात भर म्हणून इंजिनाचा संगणक गरम हवा पाहून इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतो, म्हणजे ताकद आणखी कमी. हे तो नियमानुसार, इंजिन वाचवण्यासाठी करतो, त्यामुळे कोड साठवत नाही. स्कॅनर कोरा येण्याचं कारण हे.

गाडी उभी केली की आणखी एक गोष्ट घडते. सुपरचार्जर गरम इंजिनाच्या डोक्यावर बसलेला. इंजिन बंद, पुढून वारा बंद, बऱ्याच गाड्यांत इंटरकूलरचा पंपही बंद. खालची उष्णता वर चढून त्या सगळ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात मुरते. दहा-पंधरा मिनिटं बॉनेट लावून पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) उभी राहिलेली गाडी निघताना धाव संपली तेव्हापेक्षाही गरम असू शकते. "गाडीला आराम दिला, तरी वेळ वाढली" ही तक्रार इथून येते.

मोठ्या कंपन्यांनाही हे सुटायला वेळ लागला

२०१५ ची कॉर्व्हेट झेड ०६ हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. ६.२ लिटरचं व्ही ८ इंजिन, ६५० घोडे, त्यावर ईटन कंपनीचा १.७ लिटरचा सुपरचार्जर. आधीच्या कॉर्व्हेट झेडआर १ वरचा सुपरचार्जर २.३ लिटरचा होता. आकार कमी केला म्हणून रोटर जोरात फिरवावे लागले, २०,००० आरपीएमपर्यंत. एका धावेत ही गाडी अफाट होती. पण गरम दिवशी ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्या मालकांच्या गाड्या तापून ताकद कापायला लागल्या. २०१७ च्या मॉडेलला कंपनीने मोठ्या झरोक्यांचं बॉनेट आणि सुपरचार्जरचं नवं झाकण दिलं. तेच इंजिन त्याच वर्षी शेवरलेच्याच कॅमेरो झेडएल १ मध्ये बसवताना एकूण ११ लहानमोठे कूलर लावले, आणि ७५५ घोड्यांच्या २०१९ च्या झेडआर १ ला १३.

डॉजने २०१८ च्या चॅलेंजर डीमनमध्ये दुसरा मार्ग काढला. शर्यतीच्या वेळी केबिनच्या एसीचा गारवा इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवायचा, आणि इंजिन बंद केल्यावरही पंप आणि पंखा चालू ठेवायचा. पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीला काय लागतं हे ओळखून केलेलं काम आहे ते, आणि मला ते फार आवडतं. कारण त्यांनी सुपरचार्जरवर न थांबता दोन धावांमधल्या वेळेचा विचार केला.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या गाडीत थोडीफार घसरण ही बिघाड नसून रचनेची मर्यादा असू शकते. मे महिन्यात ४० अंशांत तिसरी धाव पहिल्याइतकी येणार नाही, गाडी शोरूममधून आजच काढलेली असली तरी. शोधायचं ते मर्यादेपलीकडचं.

काय नोंदवायचं

ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) आणि फोन एवढ्यावर काम सुरू होतं. पण एक सापळा आधीच सांगतो. साध्या ॲपमध्ये "इनटेक एअर टेम्परेचर" म्हणून दिसणारा आकडा अनेक गाड्यांत एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा असतो, म्हणजे सुपरचार्जरच्या आधीचा. तो ४२ दाखवत बसतो आणि माणूस निश्चिंत होतो, तर पलीकडे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) हवा ८५ अंशांवर असते. आपल्याला हवा आहे तो इंटरकूलरनंतरचा, मॅनिफोल्डमधला दुसरा सेन्सर. त्यासाठी बऱ्याचदा त्या कंपनीचे खास कोड वाचणारं ॲप किंवा चांगला स्कॅनर लागतो. तेवढा खर्च करा, बाकीचा वाचतो.

त्याच्यासोबत मॅनिफोल्डचा दाब, हवेचं वजन दाखवणारा एमएएफ (गाडीत असेल तर), इग्निशन टायमिंग आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किती उघडं आहे ते. स्वस्त अडॅप्टरवर दहा-बारा गोष्टी एकदम लावल्या तर प्रत्येकीचा वेग इतका मंदावतो की दहा सेकंदांच्या धावेत जेमतेम काही ठिपके मिळतात. पाचच ठेवा.

धाव संपली म्हणून नोंद थांबवू नका. पुढची दोन-तीन मिनिटं ८० च्या वेगाने शांत चालवत नोंद चालू ठेवा. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी माहिती इथे असते. तापमान किती चढलं हे त्या दिवसाच्या हवेवर, बूस्टवर, धावेच्या लांबीवर ठरतं. ते किती लवकर उतरतं हे मात्र पंप आणि रेडिएटर ठरवतात. धडधाकट सर्किट असेल तर वारा लागताच आलेख ठसठशीत खाली येतो. पंप मेलेला असेल तर तो वरच रेंगाळतो, तुम्ही कितीही शांत चालवा.

नोंद वाचायची कशी

बूस्ट नेहमीसारखा, इंटरकूलरनंतरची हवा प्रत्येक धावेला जास्त गरम, टायमिंग मागे: थंड करणाऱ्या सर्किटमध्ये काहीतरी आहे. ही शक्यता सर्वांत मोठी, म्हणून पुढे तिच्यावर सविस्तर लिहिलं आहे.

बूस्टच कमी, हवा मात्र फारशी तापलेली नाही: बेल्ट घसरतोय, बायपास व्हॉल्व्ह (गरज नसताना सुपरचार्जरची हवा मागे सोडणारी झडप) पूर्ण बंद होत नाही, किंवा कुठेतरी हवा गळते. कमी दाबली म्हणून कमी तापली.

बूस्ट ठीक, तापमान ठीक, तरी टायमिंग मागे: पेट्रोल आणि नॉककडे बघा.

पाय पूर्ण दाबलेला असताना थ्रॉटलच आपोआप मिटतंय: संगणक ताकद कापतोय. कारण इंजिनाचं कूलंट असेल, ऑइल असेल, गिअरबॉक्सचं तापमान असेल. या वेळी इंटरकूलर निर्दोष असू शकतो.

सगळं जिथल्या तिथे आणि तरी वेळ वाईट: मोजमापात चूक आहे, किंवा टायर, चढ, वारा. ० ते १०० ची वेळ बिघडली पण १०० ते २०० तशीच राहिली तर इंजिनाला हात लावू नका, टायर आणि सुटण्याची पद्धत पाहा.

थंड करणारं सर्किट: पंप, हवेचा बुडबुडा, रेडिएटर

पंपापासून सुरुवात करा. इंटरकूलरच्या पाण्याला बहुतेक गाड्यांत वेगळा, विजेवर चालणारा छोटा पंप असतो. तो बंद पडला तरी इंजिन तापत नाही, डॅशबोर्डवरचा काटा हलत नाही, आणि काही गाड्या त्याची तक्रारही करत नाहीत. गाडी फक्त मंद होते. स्कॅनरने पंप चालू करता येत असेल तर करून बघा. पंपावर हात ठेवला की बारीक थरथर जाणवते. स्वतंत्र टाकी असेल तर झाकण उघडून (गाडी थंड असतानाच) आतलं पाणी हलतंय का पाहा.

पंप घोंगावतोय पण पाणी फिरत नाही, हेही होतं. कारण हवा अडकलेली. बंपर किंवा सुपरचार्जर काढून बसवल्यानंतर हा प्रश्न हमखास येतो. वरून कूलंट ओतून टाकी भरली म्हणजे सर्किट भरलं असं नसतं. इंटरकूलर हा सर्वांत उंच भाग, हवा तिथेच जाऊन बसते. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये आधी निर्वात करून मग कूलंट ओढून घ्यायला सांगितलेलं असतं. त्याचं यंत्र चांगल्या गॅरेजमध्ये असतं; "असं वरून भरलं तरी चालतं" म्हणणाऱ्याकडून हे काम करून घेऊ नका.

पाणी फिरतंय की नाही आणि रेडिएटर काम करतोय की नाही हे एकाच वेळी तपासायची एक सोपी युक्ती आहे. गाडी गरम करून, समोर जोरदार पंखा लावून, रेडिएटरकडे जाणाऱ्या आणि त्यातून येणाऱ्या रबरी नळ्यांचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजा. नळीच्या काळ्या रबरावर मोजा, चकचकीत ॲल्युमिनियमवर गन खोटा आकडा देते. दोन नळ्यांत खूप फरक असेल, समजा २५ अंश, तर पाणी फार हळू फिरतंय: रेडिएटरमध्ये ते इतका वेळ रेंगाळतं की पुरतं थंड होऊन बाहेर पडतं, पण इंटरकूलरला पुरत नाही. फरक एक-दोन अंशच आणि दोन्ही नळ्या कढत, तर पाणी फिरतंय पण रेडिएटरला वारा मिळत नाही.

वारा न मिळण्याची कारणं आपल्याकडे भरपूर. हा रेडिएटर नाकाशी, सगळ्यांच्या पुढे किंवा बंपरच्या कोपऱ्यांत असतो. पावसाळ्यानंतरचा वाळलेला चिखल, महामार्गावरचे किडे, खडीची धूळ त्याच्या पात्यांत भरते. समोरून स्वच्छ दिसतो आणि त्याच्यात आणि एसीच्या कंडेन्सरमध्ये (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरमध्ये) मात्र जाड थर साचलेला असतो. टॉर्च लावून मधली फट पाहा. साफ करताना पाणी हलक्या दाबाने, शक्यतो आतून बाहेर. प्रेशर वॉशर जवळ धरला की पाती आडवी होतात आणि नुकसान कायमचं होतं. दगड लागू नयेत म्हणून ग्रिलमागे बारीक जाळी बसवण्याची पद्धत आहे, तीही वारा अडवते. एकदा जाळी काढून चाचणी घ्या.

आणखी एक जागा सहसा कुणी पाहत नाही. रेडिएटरच्या कडेने फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पडदे असतात. वाऱ्याने कडेने पळून न जाता रेडिएटरमधूनच जावं म्हणून. बंपर एकदा निघाला, रंगकाम झालं, की यातले दोन-चार परत लागत नाहीत. वारा सोपी वाट धरतो. जुनी गाडी घेतली असेल तर पार्टच्या आकृतीशी ताडून पाहा की सगळे पडदे जागेवर आहेत का.

कूलंटबद्दल थोडंसं. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल या मिश्रणाची उष्णता धरण्याची क्षमता साध्या पाण्यापेक्षा कमी असते. जिथे पाणी गोठण्याचा प्रश्न नाही तिथे काही जण इंटरकूलरच्या सर्किटमध्ये ग्लायकॉल कमी ठेवतात आणि गंजरोधक द्रव्य वेगळं घालतात. फरक पडतो, पण तो लहान आहे. आणि काही गाड्यांत या सर्किटची टाकी इंजिनाच्या कूलंटशी जोडलेली असते, तिथे हा प्रयोग करूच नये. निव्वळ नळाचं पाणी कुठेच नको.

बेल्ट, बायपास, फिल्टर

रूट्स सुपरचार्जर क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, पट्ट्याने बांधलेला असतो, म्हणून इंजिन जितकं जोरात, तितकी हवा जास्त. आलेखात बूस्ट ४,००० पर्यंत ठीक आणि ५,५०० च्या पुढे खाली झुकत असेल तर बेल्ट घसरतोय अशी पहिली शंका घ्या. पुलीभोवती काळी रबरी पूड, बेल्टच्या आतल्या बाजूला चकाकी, कधी किंचाळणारा आवाज. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनरही तपासा. नवा बेल्ट थकलेल्या टेन्शनरवर तसाच घसरतो. तुंबलेल्या फिल्टरनेही आलेख असाच झुकतो, पण फिल्टर काढून पाहायला पाच मिनिटं लागतात, त्यामुळे ते आधी करा.

बायपास व्हॉल्व्हची बारीक व्हॅक्यूम नळी उन्हाने चिरते. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला की दाबलेली हवा परत मागे जाऊन पुन्हा दाबली जाते, बूस्ट कमी. उलट तो बंदच अडकला तर शांत चालवतानाही सुपरचार्जर हवा दाबून तापवत राहतो आणि दोन धावांमध्ये गाडी थंडच होत नाही. तापमान न उतरण्याचं हे एक छुपं कारण आहे, पंप बदलण्याआधी हे पाहून घ्या.

इथेच लहान पुलीबद्दल माझं मत सांगतो. तिसऱ्या धावेची मंदी घालवायला लहान पुली लावणं म्हणजे आजाराला खतपाणी. रोटर आणखी जोरात फिरणार, हवा आणखी तापणार. पहिल्या धावेची वेळ सुधारेल, तिसऱ्या धावेची आणखी बिघडेल.

पेट्रोल

मॅन्युअलमध्ये ९५ किंवा ९८ ऑक्टेन (आकडा जितका जास्त, तितकं पेट्रोल नॉक टाळतं) लिहिलेलं असेल तर ते पाळा. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत आलं, त्यात मुंबई आणि पुणेही होते. त्याखालच्या ९५ ते ९९ च्या दर्जाचं पेट्रोलही मोठ्या शहरांत मिळतं. चाचणीच्या सकाळी टाकीत अर्धं जुनं असताना वरून चांगलं भरलं तर तुम्ही मिश्रणाची चाचणी घेत असता. टाकी जवळजवळ रिकामी करून भरा आणि काही दिवस चालवा, संगणकाला नवं इंधन ओळखायला वेळ लागतो.

मोजमापातल्या फसवणुकी

फोनचा जीपीएस अनेकदा सेकंदाला एकदाच जागा सांगतो. त्यावर अर्ध्या सेकंदाचा फरक शोधता येत नाही. सेकंदाला १० किंवा २० नोंदी घेणारं वेगळं जीपीएस यंत्र हवं.

अमेरिकी मासिकांच्या ० ते ६० मैलांच्या वेळेशी आपली ० ते १०० ची वेळ ताडू नका. ६० मैल म्हणजे ९६.६ किमी, शिवाय तिथे पहिली एक फूट हालचाल वेळेत धरत नाहीत.

चढ-उतार डोळ्यांना दिसत नाही इतका असला तरी मोजमापात येतो. १०० ते २०० ला दहा सेकंद घेणाऱ्या गाडीला वाटेत एक टक्का उतार मिळाला, म्हणजे ४०० मीटरमध्ये ४ मीटर, तर वेळ साधारण ०.३५ सेकंदांनी कमी येते. त्यामुळे दोन्ही दिशांनी धावून सरासरी घ्या.

समुद्रसपाटीपासूनची उंची हा आपल्याकडचा खास मुद्दा. पुणे सुमारे ५६० मीटरवर, तिथे हवेचा दाब साधारण ९४८ मिलिबार, मुंबईत १,०१३ च्या आसपास. रूट्स सुपरचार्जर हवेचा दाब ठरावीक पटीतच वाढवतो. १.७ पट धरली तर मुंबईत गेजवर ०.७१ बार दिसेल आणि पुण्यात ०.६६, आणि इंजिनाला मिळणारी हवा साडेसहा टक्के कमी. टर्बो (सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंवर फिरणारा) थोडा जोरात फिरून हे भरून काढू शकतो, सुपरचार्जरला ते जमत नाही. मुंबईहून गाडी आणून लोणावळ्याच्या वर ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर किंवा इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रावर (तिथला ११.३ किमीचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये खुला झाला) पळवली आणि बूस्ट कमी दिसला, तर त्यात काळजीचं काही नाही.

डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी नेणार असाल तर पंखा बघा. समोरचा एकुलता पंखा रस्त्यावरच्या १५० किमी वेगाच्या वाऱ्याची जागा घेऊ शकत नाही, त्यामुळे डायनोवर उष्णता लवकर मुरते. शिवाय डायनोचं यंत्र खोलीतली हवा पाहून आकडा दुरुस्त करतं. एसएई जे १३४९ या अमेरिकी मानकाच्या पद्धतीत २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरडा दाब हा आधार धरतात. त्या दुरुस्तीला तुमच्या इंटरकूलरनंतरची हवा ठाऊक नसते. यंत्राचा सेन्सर सायलेन्सरच्या गरम हवेत टांगलेला असेल तर छापून येणारा आकडा फुगलेला असतो.

चाचणी अशी घ्या

१०० ते २०० ची धाव मला सर्वांत प्रामाणिक वाटते. सुटताना टायर फिरण्याचा प्रश्न नाही, आणि वेळेवरून ताकदीचा अंदाज काढता येतो. ड्रायव्हरसकट १,८०० किलोची गाडी १०० वरून २०० वर जाताना तिच्यातली गतीची ऊर्जा सुमारे २०.८ लाख ज्यूलने वाढते. नऊ सेकंदांत गेली तर सरासरी २३१ किलोवॅट, दहा सेकंदांत २०८. हवेला रेटण्यात गेलेली ताकद वेगळी. म्हणजे वाढलेल्या त्या एका सेकंदामागे साधारण ३१ घोडे गायब आहेत. हे सगळं फक्त बंद ट्रॅकवर. समृद्धी महामार्ग रिकामा दिसला तरी तिथे नाही. तुमच्या नोंदीसाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावायचा नाही.

पहिली धाव सुरू करण्याआधी इंटरकूलरनंतरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती वर आहे ते लिहा. एसी बंद ठेवायचा की चालू हे ठरवून दिवसभर तेच ठेवा, कारण काही गाड्यांत कंडेन्सरची गरम हवा याच रेडिएटरवर जाते. धाव घ्या, मग दोन मिनिटं ८० च्या वेगाने चालवा, पुन्हा तापमान लिहा, उलट दिशेने धाव. पिटमध्ये जायचं नाही, थांबायचं नाही. अशा चार धावा एका पाठोपाठ झाल्या की प्रत्येक धावेसमोर तीन आकडे हवेत: सुरुवातीचं तापमान, शेवटचं तापमान, वेळ. दोन मिनिटांत तापमान जवळजवळ सुरुवातीच्या ठिकाणी येत असेल आणि वेळही टिकत असेल तर सर्किट तंदुरुस्त आहे. प्रत्येक धावेची सुरुवातच वरच्या पायरीवरून होत असेल तर वर सांगितलेल्या क्रमाने पंप, अडकलेली हवा, रेडिएटर, बायपास तपासा.

गॅरेजला जाताना हा कागद आणि आलेख सोबत न्या. "गाडी मार खाते" एवढ्या तक्रारीवर मेकॅनिक काय करणार? पण "तिसऱ्या धावेनंतर मॅनिफोल्डची हवा ८८ अंशांवर गेली आणि दोन मिनिटांत फक्त चार अंश उतरली" हे दाखवलं की चांगला मेकॅनिक थेट पंपाकडे वळतो. दुरुस्तीनंतर तीच चाचणी, शक्य तितक्या तशाच हवेत, पुन्हा घ्या. मे महिन्यातली "आधी" आणि डिसेंबरमधली "नंतर" यांची तुलना काहीच सांगत नाही.

आणि दिवस संपल्यावर शेवटची फेरी शांतपणे मारून, गाडी पिटमध्ये आणून बॉनेट उघडा. पंप इग्निशनवर चालत राहतो अशा गाडीत बॅटरीवर लक्ष ठेवून इंजिन बंद करून काही मिनिटं इग्निशन चालू ठेवा, समोर एखादा टेबल फॅन मिळाला तर उत्तम.